तीन अंश डावीकडे

पत्र कोथरूडहून आलंय, चांगलं चार पानी. त्यातलं कामाचं तेवढं देते.

“मी 43 वर्षांची. घरी आरीवर्कच्या ब्लाउजच्या ऑर्डरी घेते. लग्नसराईत रोज आठ-नऊ तास फ्रेमवर असते. गेलं वर्षभर मानेच्या मागून उजव्या बाजूने कळ उठते आणि भुवईच्या वर येऊन बसते. गाडीवर असताना डावीकडे मागे बघायचं तर मान वळतच नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. रात्री कूस बदलली की कधीकधी खोली गरकन फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. सासूबाई म्हणतात नस चढलीय. शेजारणीने सांगितलं म्हणून एका कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हातांनी मणके ‘बसवून’ देणाऱ्या, क्लिनिकमध्ये गेले. त्यांनी एक्स-रे काढला, पालथं झोपवून डावा पाय अर्धा इंच आखूड असल्याचं दाखवलं आणि म्हणाले, मानेचा पहिला मणका, अ‍ॅटलस, तीन अंश डावीकडे सरकलाय, सगळं त्यामुळेच. मान वळवून कट् केली. दोन दिवस खरंच हलकं वाटलं. आता 24 सिटिंगचं 38 हजारांचं पॅकेज सांगतायत. बीपीची गोळीसुद्धा सुटेल म्हणाले. हे म्हणतात, मानच मोडून घ्यायची तर आपला न्हावी काय वाईट! मी पाच हजार भरून आलेय. काय करू? ता. क. मणी लावायच्या सुईत दोरा ओवायला हल्ली मुलीला हाक मारावी लागते. मानेचा नजरेवर परिणाम होतोय का?”

ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग ता. क. मध्ये आहे. पण तो आधी घेतला तर 38 हजारांचं बोलणं राहून जाईल, म्हणून त्याच्याकडे शेवटी येते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मला कायरोप्रॅक्टरबद्दल विचारणं म्हणजे एका मिसळवाल्याला समोरच्याची मिसळ कशी असते ते विचारणं. तेवढं मनात धरून पुढचं वाचा.

माझ्या टेबलावर मानेच्या मणक्यांचं एक प्लास्टिकचं मॉडेल असतं. त्यातला सगळ्यात वरचा मणका काढून मी पेशंटच्या तळहातावर ठेवते. माणसं उलटसुलट करून बघतात, कारण तो मणक्यासारखा दिसतच नाही. नुसतं कडं. त्या कड्यावर कवटी बसते, चार-पाच किलोचं डोकं. म्हणूनच आकाश पेलणाऱ्या ग्रीक अ‍ॅटलसचं नाव त्याला मिळालं. दुसऱ्या मणक्यातून एक सुळका वर निघतो आणि कड्याच्या पुढच्या बाजूला आत जाऊन बसतो. सासूबाईंना जातं आठवत असेल. खालच्या दगडात मधोमध खिळा, वरचा दगड त्याभोवती फिरतो. रचना तीच. मान एका बाजूला साधारण 80 अंश वळते, त्यातलं जवळजवळ निम्मं वळण या एकट्या जोडीत होतं. खालच्या सगळ्या मणक्यांनी मिळून उरलेलं निम्मं वाटून घ्यायचं. तेव्हा डावीकडे मागे बघताना तुमचं जे अडतंय ते बहुधा इथेच अडतंय. जागा त्या क्लिनिकने बरोबर हेरली, हे मान्य करायला हवं.

पण अडकणं वेगळं आणि सरकणं वेगळं. सुळका मागे मज्जारज्जूवर जाऊ नये म्हणून त्याला मागून एक चिवट आडवा पट्टा आवळून धरतो. कड्याच्या आतल्या जागेचे ढोबळ तीन वाटे असतात. एकात सुळका, एकात मज्जारज्जू आणि एक चक्क मोकळा. निसर्गाने एवढी सोय ठेवलीय. मणका खरोखर सरकतो तो हा पट्टा तुटल्यावर किंवा सैल पडल्यावर: मोठ्या अपघातात, बोटं वाकडी करणाऱ्या जुन्या संधिवातात, डाउन सिंड्रोममध्ये. मोठ्या माणसाच्या एक्स-रेत सुळका आणि कडं यांच्यामधली फट 3 मिलिमीटरच्या वर दिसली की आम्ही हात मागे घेतो आणि कॉलर घालून पेशंटला न्यूरोसर्जनकडे धाडतो. तिथे कट् करणं हा उपचार नसतो, तो गुन्हा ठरेल. म्हणजे बघा, मणका खरंच सरकला असेल तर झटका देऊन बसवायचा नसतो. आणि झटका देण्याइतकी मान धडधाकट असेल, तर तो सरकलेला नसतो.

मग ते तीन अंश आले कुठून? पासपोर्टचा फोटो काढताना फोटोग्राफर “हनुवटी जरा इकडे, अजून थोडी” असं दहा वेळा करतो ना, तसं एक्स-रेच्या वेळी कुणी करत नाही. डोळ्याला कळणार नाही इतकं डोकं कललं तरी फिल्मवर मणका दोन-तीन अंशांनी फिरलेला दिसतो. उद्या पुन्हा काढा, आकडा बदलेल. शिवाय मणके दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखे कुणाचेच नसतात. तुम्ही इतकं नेटकं काम करता, तरी एकाच ब्लाउजच्या दोन बाह्यांवरच्या कोयऱ्यांना पट्टी लावून बघा. आखूड पायाचंही तेच. पालथ्या माणसाची टाच धरण्याचा कोन जरासा बदलला की अर्धा इंच सहज इकडचा तिकडे होतो.

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी सर्रास म्हणायचे, “मणका सरकलाय, बसवून देते.” पेशंटला पटकन समजायचं आणि मला मोठं झाल्यासारखं वाटायचं. मग एक निवृत्त शिक्षिका आल्या. मान गुळाच्या ढेपेसारखी घट्ट. कुणीतरी आधी त्यांना मणका सरकल्याचं सांगितलं होतं, आणि तो पुन्हा सरकू नये म्हणून त्यांनी तीन वर्षं मान वळवलीच नव्हती. हाक मारली की खुर्चीसकट वळायच्या. त्या दिवसापासून ते वाक्य मी बंद केलं.

दोन दिवस हलकं वाटलं ते खोटं नव्हतं. सांधा झटक्याने ताणला की आतल्या वंगणात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडताना एमआरआयमध्ये हे प्रत्यक्ष पाहिलं. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नाही. मात्र त्या झटक्याने सांध्याभोवतीच्या स्नायूंची आवळलेली मूठ थोडा वेळ सैल होते, दुखण्याची तीव्रता उतरते, वळणही वाढतं. आणि मग तुम्ही परत फ्रेमवर आठ तास बसता.

डोळ्यावरच्या कळेबद्दल सासूबाईंना समजेल असं सांगते. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची नस मेंदूच्या बुडाशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. कर्वे पुतळ्याकडून आलेली गाडी आणि पौड रोडने आलेली गाडी पौड फाट्याला एकाच रस्त्याला लागतात, मग डेक्कनला उभ्या असलेल्या माणसाला काय कळणार कुठली कुठून आली? मेंदूचं तसंच होतं. दुखतं मानेत, तो समजतो कपाळात. नस चढलेली नाही, दबलेलीही नाही.

या डोकेदुखीवर काय चालतं, याचे चांगले प्रयोग झालेत. ऑस्ट्रेलियात 200 जणांवर झालेला अभ्यास 2002 मध्ये छापून आला. हातांनी केलेले मणक्यांचे उपचार आणि मानेचे ठरावीक व्यायाम, दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही फायदा टिकून होता. 2012 मध्ये अमेरिकेत मानदुखीच्या 272 जणांचे तीन गट केले होते. एकाला मणके हाताळणं, एकाला गोळ्या, आणि एकाला तासाभराच्या दोन भेटींत शिकवलेले व्यायाम, बाकी घरी. बारा आठवड्यांनी पहिला गट गोळ्यांच्या गटापेक्षा बरा होता. पण घरी व्यायाम करणारेही जवळजवळ तिथेच पोचले होते. दोन भेटींत! 24 सिटिंगच्या कागदाशेजारी हे ठेवून बघा. हाताच्या उपचाराला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज करते. पण चार-सहा वेळा करून फरक नाही पडला तर माझं काहीतरी चुकतंय असं मी धरते. पहिल्याच दिवशी 24 चा आकडा सांगता यायला पंचांग लागतं.

सगळ्या रोगांची किल्ली वरच्या मणक्यात, ही कल्पनाही नवी नाही. 1895 मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराचा पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू आलं, अशी या पंथाची जन्मकथा सांगतात. (ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीच्या वाटेला जात नाही. असो.) त्यांचे चिरंजीव बी. जे. पामर 1930 च्या दशकात म्हणू लागले की बाकीचा कणा सोडा, वरचे मणके तेवढे बघा. पुढे 2010 मध्ये ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टर परिषदेनेच जाहीर केलं की ‘सरकलेल्या मणक्यामुळे रोग होतात’ या दाव्याला वैद्यकीय संशोधनाचा आधार नाही. तिथे कायद्याने नोंदणी लागते, म्हणून परिषदेला असं बोलावं तरी लागतं. आपल्याकडे कायरोप्रॅक्टरसाठी अशी वेगळी वैधानिक परिषद नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची आहे. मान कुणाच्याही हातात देण्याआधी शिक्षण काय, नोंदणी क्रमांक काय, हे विचारायला लाजू नका. भाजीवालीला आपण दहा प्रश्न विचारतो.

आता धोक्याचं, आणि हे यजमानांनाही वाचून दाखवा. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून वर चढतात आणि पहिल्या कड्यावर पोचल्या की मागे वळसा घालून कवटीत शिरतात. मान जोरात वळवली की त्या वळशावर ताण येतो. क्वचित धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडते, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात होऊ शकतो. झटक्यामुळेच होतं, की चीर आधीच पडल्यामुळे मान दुखू लागते आणि म्हणून माणूस मान दाखवायला जातो, यावर वाद आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये दोन्ही बाजू मांडून एवढंच म्हटलं की संबंध दिसतो, कारण सिद्ध नाही, पण पेशंटला आधी सांगायला हवं. तुम्हाला कुणी सांगितलं होतं? पत्रात तरी नाही. धोका कमी आहे, पण व्यायामाने तेवढंच साधत असेल तर तो घ्यायचा कशाला? आणि न्हावी तर कात्री धरायला शिकलेला असतो. त्याच्याकडे केस कापावेत.

मानेत किंवा डोक्यात आधी कधी झाली नव्हती अशी कळ अचानक उठली, एकाचे दोन दिसू लागले, बोलणं अडखळलं, गिळताना ठसका लागू लागला, चेहऱ्याची बाजू बधिर झाली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर फिजिओ, कायरो कुणीच नको. 108 ला फोन करून सरळ हॉस्पिटल. हाताची बोटं अडखळू लागली, आरीची सुई पकडीतून निसटू लागली, तर तेही त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवायचं.

बीपीच्या गोळीला हात लावायचा नाही. हा दावा 2007 च्या शिकागोतल्या एका अभ्यासावरून येतो. अ‍ॅटलस ‘सरळ’ केल्यावर वरचा आकडा सरासरी 17 ने उतरला होता. माणसं होती 50, त्यातल्या निम्म्यांनाच खरा उपचार मिळाला. इतक्या लहान प्राथमिक प्रयोगावरून कुणाचीही गोळी बंद करत नसतात. अ‍ॅटलसच्या भरवशावर तर नाहीच.

खोली गरकन फिरते त्याबद्दल. कूस बदलताना फिरते, अर्ध्या मिनिटात थांबते. ही मान नव्हे, हा बहुतेक कान. आतल्या कानात तोल सांभाळणारे चुन्याचे बारीक खडे असतात. ते जागा सोडून शेजारच्या नळीत गेले की अगदी असंच होतं. म्हणजे तुमच्या शरीरात काहीतरी सरकलंय हे खरं निघायची शक्यता आहे, फक्त ते हाड नव्हे आणि मानेतही नव्हे! कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. तपासून तसंच निघालं तर ते तुम्हाला टेबलावर झोपवतील, डोकं क्रमाक्रमाने वळवतील आणि खडे परत जागेवर घालतील. एप्ली नावाच्या अमेरिकन कानतज्ज्ञाने काढलेली युक्ती आहे. बऱ्याच जणांचं एक-दोन भेटींत भागतं.

आता तुमची फ्रेम. आरीवर्क करणारीला मी समोर बसून बघितलंय. उजवा हात वर, सुईवर. डावा हात फ्रेमच्या खाली, दोरा पुरवायला. त्यामुळे डावा खांदा खाली ओढलेला, छाती फ्रेमवर झुकलेली, मान वाकलेली आणि चेहरा सुईच्या दिशेने उजवीकडे. असं दिवसाला आठ तास. मग मान डावीकडे वळायचं विसरली तर तिचं काय चुकलं? न्यूयॉर्कच्या एका सर्जनने 2014 मध्ये हिशेब मांडला होता की डोकं 60 अंश पुढे झुकलं की मानेवर 27 किलोंइतका भार येतो. ते संगणकावरचं गणित आहे, कुणाच्या मानेत तराजू घालून मोजलेलं नाही, पण दिशा बरोबर आहे. फ्रेम आडवी ठेवू नका. पलीकडची बाजू उचलून ती आपल्याकडे उतरती करा, दोन विटा ठेवल्या तरी चालतं. आणि एक फूल किंवा एक पान झालं की डावा हात बाहेर काढून दोन्ही खांदे मागे, मान सावकाश डावीकडे, मग उजवीकडे. घड्याळ लावू नका, लागेनासं होतं. फुलं मोजा.

एक व्यायाम लिहून सांगण्यासारखा आहे. उताणं झोपा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. डोकं न उचलता, कुणाला तरी अगदी बारीकसा होकार द्यावा तशी हनुवटी आत घ्या. गळ्यावरच्या ठळक शिरा-स्नायू ताठ झाले तर तुम्ही जास्त जोर लावताय. दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात वाटेल की काहीच होत नाहीये. सहा आठवडे चिकाटीने करा. पंचाची घडी मानेमागे धरून कड्याचा सांधा मोकळा करायचाही एक व्यायाम आहे, आणि तुमच्या डावीकडच्या अडण्याला तोच लागू पडेल. पण पंचा कुठे धरायचा हे कागदावर सांगून जमत नाही, एकदा समोर बसून शिका. जो शिकवेल त्याने आधी तुमची हनुवटी छातीला टेकवून मान वळवून बघायला हवी. तशी स्थिती केली की खालचे मणके गप्प बसतात आणि एकटा वरचा सांधा किती वळतो ते कळतं. साधारण 44 अंश वळला तर बरा, 33 च्या खाली तर आखडलेला. फुकटची तपासणी आहे, एक्स-रे लागत नाही.

पाच हजारांचं काय? झालेल्या सिटिंगचे वजा करून उरलेले परत मागा, लेखी. आणि एक्स-रेची फिल्म घेऊन या, ती तुमच्या पैशाची आहे.

आता ता. क. तुम्ही 43 च्या आहात. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून मुलीला हाक मारता, पण फ्रेमवरचा मणी दिसत नाही म्हणून कुणाला हाक मारता? कुणालाच नाही. तुम्ही मान आणखी वाकवता आणि चेहरा फ्रेमजवळ नेता. मानेचा नजरेवर परिणाम होत नाहीये, नजरेचा मानेवर होतोय. चाळिशी लागलीय, ताई. या आठवड्यात डोळे तपासून घ्या, आणि तिथे नुसतं “जवळचं दिसत नाही” म्हणू नका. घरून निघताना फ्रेम ते डोळा हे अंतर टेपने मोजून न्या आणि सांगा, मला एवढ्यावरचं बघायचंय. वाचायच्या चष्म्याचं अंतर वेगळं असतं. वर-खाली दोन नंबरांचा चष्मा या कामाला घेऊ नका, खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान नव्याने भांडायला लागते. आणि चष्मा येईपर्यंत फ्रेम खिडकीशी न्या, उजेड डावीकडून पडेल अशी. उजव्या हाताची सावली कामावर येणार नाही.